सुटलेली सीट

कालिंदीने शेजारच्या सीटवर सवयीने रुमाल टाकला. खरं तर आता त्याची गरज नव्हती. स्टँडवरून भाड्याची सायकल उचलली, की त्या माणसासाठी पुढच्या बसमध्ये सीट राखली जायची आणि तिच्यावर हिरवा दिवा लागायचा. तिचा नवरा भास्कर पोराला शाळेत सोडून रोज असाच सायकलने पुढच्या थांब्यावर यायचा.

आज तो दिवा मधेच विझला.

"ताई, रुमाल उचला. सीट सुटली," कंडक्टर म्हणाला.

"अहो, हे येतायत ना!" तिने मोबाइल पुढे केला. नकाशावर भास्करची सायकल चांगली पळत होती.

कंडक्टरने नजर चुकवली. "रस्ता, गाड्या, माणसांच्या सवयी, सगळं मोजतं ते सीट राखणारं यंत्र. माणूस पोचणारच नसेल, तर सीट आधीच सोडतं. आजवर चुकलेलं नाही."

 भास्करला वाटेतच थांबवायला हवं! तिने फोन लावला. तिचा फोन भास्कर कधी दुसऱ्यांदा वाजू देत नसे. सायकलवर असला तरी एका हाताने खिशातून काढायचा.

"हं, बोल," तो म्हणाला आणि पाठोपाठ फोनमध्ये एका गाडीचे ब्रेक करकचले.

नकाशावरची सायकल चौकाच्या मधोमध थांबली.