हौदातली जलपर्णी

भिवराबाईनं टँकरचं पाणी भरून आणलं आणि त्यातली एक घागर हौदात रिकामी केली. कट्ट्यावर बसलेल्या बाया बोलायच्या थांबल्या.

पाटोद्याकडच्या त्या गावाचं तळं आटून गेलं होतं. दुपारी वाऱ्याबरोबर तळ्याची मातीच गावात यायची. वर्षानुवर्षं पाण्यावर गोधडीसारखी पसरलेली जलपर्णी भेगांवर वाळून पडली होती. पाय ठेवला की तिचा चुरा व्हायचा. बला टळली, असं सगळ्यांना वाटत होतं. गावात आता जिवंत जलपर्णी होती ती फक्त भिवराबाईच्या दारातल्या हौदात.

हौद मच्छीमार सोसायटीनं बांधला होता. कृषी विद्यापीठातल्या मॅडम डब्यातून करडे भुंगे घेऊन आल्या होत्या. हे भुंगे जलपर्णीवरच जगतात. हौदात वाढवायचे आणि मग तळ्यात सोडायचे, असं त्यांनी सांगितलं. कुणी ते काम घेईना. भिवराबाई पुढं झाली. तिचा नवरा त्रिंबक अडकलेलं जाळं सोडवायला पाण्यात उतरला होता. जलपर्णीच्या मुळांत पाय गुंतले आणि तो वर आलाच नाही. म्हणून तिनं भुंगे घेतले. पण ते पुरते वाढायच्या आतच पावसानं पाठ फिरवली.

त्या दिवशी बायांनी शहादेवला सांगितलं. तो तिचा धाकटा दीर आणि सोसायटीचा चेअरमन. तो तडक आला.

"वहिनी, तळ्यातली मेली. आता हिला कावून जगवता? हिनं दादाला गिळलं, अन् तुमी तिलाच पाणी पाजता?"

"तिला न्हाई पाजत, भावजी. तिला खाणाऱ्यांना पाजते." भिवराबाईनं घागर उपडी ठेवली. "मॅडम म्हणल्यात, गाळात तिचं बी हाय. तळं भरलं की ती उठंल. भुंगे मेले तर मेलेच."

शहादेव निघून गेला. उन्हाळा सरता सरेना. भिवराबाईची अंघोळ ओल्या फडक्यावर आली. दुपारी ती हौदावर जुनं लुगडं धरून बसायची. हिरव्या पानांकडं बघता बघता डोळे मिटायचे आणि सगळं रान पाण्यानं भरून जायचं. पाण्याखालून शेतं दिसायची, देवळाचा कळस दिसायचा, आणि काठावर त्रिंबक जाळं विणत बसलेला असायचा. तो वर बघायचा नाही. तीही हाक मारायची नाही. जाग यायची तेव्हा हातावर एखादा भुंगा चालत असायचा, इतका हलका की तोही स्वप्नातलाच वाटावा. ती त्याला बोटानं उचलून पानावर ठेवायची.

पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं. काही दिवसांनी काठाच्या गाळात बारीक हिरवे ठिपके उगवले आणि पसरायला लागले. शहादेव भिवराबाईच्या हौदापाशी आला. त्यानं भुंग्यांनी भरलेल्या पानांचं घमेलं उचललं आणि तिच्यामागं तळ्यापर्यंत आला.

मग पुष्कळ दिवस काहीच झालं नाही. जलपर्णी वाढत गेली, लोक हसत राहिले. पण हळूहळू पानांवर ठिपके पडले, देठ पोखरले, हिरवं तपकिरी झालं आणि एकेक तुकडा स्वतःच्याच वजनानं खाली बसत गेला. एका सकाळी तळ्याच्या मधोमध आभाळ दिसलं.

पहिली जाळी पडायच्या दिवशी सगळी सोसायटी काठावर जमली. जलपर्णीचा एकच झुबका उरला होता, कोपऱ्यात, जांभळ्या फुलांनी लगडलेला. शहादेव विळा घेऊन पाण्यात शिरला.

"ऱ्हाऊ द्या, भावजी," म्हणत भिवराबाई कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि झुबक्याच्या आड उभी राहिली. "भुंग्यांना खायला नको? तेवढी ऱ्हाऊ द्या."

शहादेवनं विळा खाली केला. भिवराबाईनं झुबक्यातलं एक फूल खुडलं, थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं, आणि सगळ्या गावादेखत आपल्या केसांत खोवलं.