मेंदीचा हत्ती

“हा हत्ती आजच्या आज कापायचा,” साहेब म्हणाले.

कचेरीच्या दाराशी मेंदीचा हत्ती उभा होता. कुतुबुद्दीन माळ्याने चार वर्षं कातरून कातरून तो झुडपातून काढला होता. त्याला वाटलं, साहेब थट्टा करताहेत. पण साहेबांना थट्टा जमत नसे.

“कापायचा म्हंजी?”

“बासष्टची निवडणूक आली ना? इथं मतं पडणार, आणि हत्ती एका पक्षाची निशाणी. ती दारातच उभी कशी चालेल? वरून विचारणा झाली तर उत्तर मला द्यावं लागेल.”

“सायेब, त्यो पाल्याचा हाय. त्यो कुणाला मत मागतोय?”

कुतुबुद्दीनने मग घासाघीस करून पाहिली. “मग नुस्ती सोंड काढतो. सोंड काढली की म्हस दिसंल. म्हस काय कुणाची निशाणी न्हाई.”

साहेबांनी म्हशीचा खरोखरच विचार केला. मग मान हलवली. “पण तो हत्ती आहे हे लोकांना ठाऊक आहे. चौकोन करा. चौकोनाला कुणाची हरकत नसते.” एवढं बोलून ते आत निघून गेले.

चौकोन! कुतुबुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकोन करायला माळी कशाला लागतो?

कान, पाठ, शेपूट त्याने रागारागाने कात्रीने पाडलं. सोंड मात्र कात्रीला दाद देईना. ती त्याने तारेवर चढवली होती, फांद्या काथ्याने बांधून. दोनदा वाळली होती, तिसऱ्यांदा धरली. आता तीच तार पात्यांत अडकली. त्याने कात्री भिरकावून दिली आणि हातानेच पाला ओरबाडायला सुरुवात केली. सकाळीच पाणी मारलं होतं, पाला ओला होता, हात घामाने ओले होते. मूठ भरायची, चुरगाळायची, खाली टाकायची. दर मुठीला साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

या हत्तीपायी त्याने सगळ्या गावाशी वाकडं घेतलं होतं. नागपंचमी आली की बाया मेंदीचा पाला मागायला यायच्या आणि हा काठी घेऊन आडवा. “चाचा, हत्ती काय तुझ्या कबरीवर लावायचाय का?” असं त्यातली रंगुबाई तोंडावर विचारून गेली होती. तरी त्याने पान तोडू दिलं नाही.

गेल्या आठवड्यात घरचंच कार्य निघालं, लेकीचं लग्न. येत्या आठवड्यात रमजान लागायचा, त्याच्या आत उरकायचं म्हणून घाईचं. मेंदीच्या दिवशी त्याची बायको मेहरुनबी स्वतः बागेत आली होती.

“आवं, शमशादच्या हातापुरता द्या. दोन मुठी.”

“जिथनं तोडशील तितं टक्कल पडंल. आन घरच्यास्नी दिला तर उद्या गावाला काय सांगू? बाजारातनं वाळली आण.”

बाजारची मेंदी जुनी निघाली. पोरीच्या तळहातांवर हळदीचा डाग पडावा तेवढाच रंग आला. बाया कुजबुजल्या, माळ्याच्या लेकीची मेंदी रंगली नाही, सासूचं प्रेम बेतानंच मिळणार. पदराखाली हात झाकून शमशाद सासरी जायला पलूसच्या मोटारीत बसली.

दुपारी मेहरुनबी भाकरी घेऊन आली तेव्हा हत्तीच्या जागी एक चौकोन होता, तोही वाकडा. मधून तार वर आली होती. खाली पाल्याचा ढीग पडला होता आणि रंगुबाई दोघी-तिघींना घेऊन पदर भरत होती. कुतुबुद्दीन भिंतीला टेकून नुसता बघत होता.

“ह्ये काय झालं?”

“निवडणूक,” तो म्हणाला. याहून जास्त सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

तिने तांब्या कलता केला. त्याने हात चोळले. माती लावून पुन्हा चोळले, पुन्हा पाण्याखाली धरले. पाणी स्वच्छ गळायला लागलं तरी तळवे तसेच, लालभडक, मनगटापर्यंत.

मेहरुनबी त्या हातांकडे बघत राहिली.

“एवढा रंग चढतो व्हय ह्या पाल्याला?”

तांब्यातलं पाणी संपलं, तरी त्याचे हात तसेच पुढे राहिले.