सगळं, सगळं!

कच्च असा आवाज झाला आणि धाकट्या सूनबाईंचं डोकं एकदम हलकं झालं. त्यांनी डोळे उघडले. आरशात दुकानवाली हसतमुखाने उभी होती आणि तिच्या हातात सूनबाईंची कमरेपर्यंतची वेणी दाव्यासारखी लोंबत होती.

चूक तशी कुणाचीच नव्हती. प्रवासाचं नाव काढलं की नवऱ्याचं पोट बिघडे, म्हणून सूनबाई शेवटी एकट्याच परदेश बघायला निघाल्या होत्या. उतरल्या होत्या त्या खोलीच्या नळाला बर्फासारखं पाणी. त्यात न्हायचं म्हणजे हुडहुडीच. म्हणून त्या कोपऱ्यावरच्या केसांच्या दुकानात शिरल्या आणि डोकं चोळून दाखवलं. दुकानवालीने त्यांना खुर्चीत बसवलं, वेणी हातात तोलली आणि काहीतरी विचारलं. शांपू किती लागेल असं विचारत असणार, सूनबाईंनी ताडलं. त्यांच्या केसांना अर्धी बाटलीही कमीच पडायची. टाळूपासून शेपट्यापर्यंत हात फिरवून त्या म्हणाल्या, "सगळं, सगळं!" दुकानवालीचे डोळे विस्फारले. तिने पुन्हा विचारलं. सूनबाईंनी ठासून मान डोलावली आणि निवांत डोळे मिटले.

आता त्यांच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. तो सूर कुठल्याही देशात कळण्यासारखा होता. दुकानवालीचा चेहरा खर्रकन उतरला. घाबरून तिने वेणी पुन्हा मानेमागे लावून पाहिली, जशी काही ती चिकटणार होती. ते बघून सूनबाईंना रडू यायच्या ऐवजी हसूच फुटलं. मग तीही हसली. पुढे बराच वेळ तिने जीव ओतून उरलेल्या केसांना आकार दिला. आरशातली बाई सूनबाईंना अनोळखी वाटली, पण आवडली. रस्त्यावर आल्यावर मानेला वारा लागला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

हे हसू संध्याकाळपर्यंतच टिकलं. संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा होता.

वेणी सूनबाईंच्या डोक्यावर असली तरी मालकी सासूबाईंची होती. दर रविवारी पुढ्यात बसवून त्या स्वतः तेल घालायच्या. थोरलीने एकदा नुसती टोकं कापून घेतली, तर महिनाभर तिच्याशी अबोला धरला होता. "आपल्या घरातल्या बायका केसांना कात्री लावत नाहीत," एवढंच बोलल्या होत्या.

फोन वाजला. सूनबाईंनी डोक्याला घट्ट ओढणी गुंडाळली.

"डोक्याला काय बांधलंयस? ताप आहे का?"

"नाही हो, आई."

"मग सोड ते."

त्यांनी सोडलं. पलीकडे सासूबाईंनी चष्मा सावरला. मागे सासरे टीव्हीवर बातम्या ऐकत होते. सूनबाईंनी एका दमात गार पाण्यापासून सगळी हकिकत सांगून टाकली. "चुकलं हो माझं," शेवटी त्या म्हणाल्या.

"मागे वळ."

त्या वळल्या.

"आता बाजूने दाखव."

सासूबाई फोनच्या इतक्या जवळ आल्या की पडद्यावर नुसता एक डोळा आणि चष्म्याची काडी दिसू लागली.

"मान मोकळी वाटत असेल, नाही?"

"हो," सूनबाई चाचरत म्हणाल्या. "फार."

सासूबाई फोन घेऊन उठल्या. पडद्यावर छत हललं, भिंत हलली, मग स्वयंपाकघराचं दार लोटल्याचा आवाज आला. आता खरी बोलणी बसणार, म्हणून सूनबाईंनी मान खाली घातली.

"परत यायच्या आधी त्या बाईकडून हे नीट शिकून घे," सासूबाई कुजबुजल्या, "आणि तुझ्या सासऱ्यांना इतक्यात काही बोलू नकोस."