तंबोऱ्यावरची बांगडी

"ताई, याच्यात मधेच टिकटिक येतेय," म्हणत दुकानदारांनी तळहाताएवढा, सगळ्यांत स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर बाजूला सारला. "हा दुसरा ऐका."

माझ्या पुस्तकांच्या कपाटातले दोन छोटे स्पीकर काउंटरवर होते आणि मोबाईलमध्ये वडिलांचं जुनं गाणं. दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर सुरुवातीचा तंबोरा सायीसारखा मऊ वाजला. दुकानातली दुपार पेंगुळली. पण टिकटिक नव्हती.

"पहिलाच लावा," मी म्हणाले.

त्यांनी लावला आणि लगेच ट्रेबल कमी केला. "आता गेली बघा."

"घालवू नका हो तिला!" माझा आवाज चढला. "तंबोऱ्यावर आई बसायची. तार छेडताना तिची बांगडी दांडीला लागतेय. तिचा आवाज म्हणून एवढाच उरलाय माझ्याकडे."

 दुकानदारांनी ट्रेबल हळूहळू वाढवला. आतल्या खोलीतून चहा घेऊन कुणी येत असावं, तशी काचेची किणकिण सुरांमधून जवळ जवळ आली.

वडील खाकरले. आता गाणार, एवढ्यात दुकानदारांनीच रेकॉर्डिंग थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.