पिवळी वायर

"रंगाला रंग लावायचा, संपलं. पोरखेळ आहे," असं म्हणत लाईल गुडघ्यांवर बसला आणि त्याने नव्या टीव्हीच्या मागे हात घातला.

आर्डिस मांडीवर व्हिडिओ कॅमेरा घेऊन सोफ्याच्या कडेला बसली होती. टीव्ही लाईलनेच आणला होता, लग्नाची भेट म्हणून. दोघांचं लग्न येत्या शनिवारी होतं. साठी उलटलेल्यांचं लग्न ते काय, चर्चच्या तळघरात केक आणि कॉफी. पण त्याआधी तिला ऑर्विलला एकदा डोळे भरून बघायचं होतं. ऑर्विल तिचा नवरा, लाईलचा सख्खा थोरला भाऊ. त्याला जाऊन वर्ष झालं होतं.

"ऑर्विल एकच वायर लावायचा," ती म्हणाली. "पिवळी, चित्राची. आवाजाच्या लाल आणि पांढरी तशाच लोंबत असायच्या."

"त्याचं कुठलं काम कधी पुरतं होतं?" लाईल हसला आणि त्याने तिन्ही वायरी खोचल्या.

खरं तर ऑर्विलचं म्हणणं साधं होतं. फोटोला कसला आलाय आवाज? मुलीने हौसेने व्हिडिओ कॅमेरा दिला, तर या बहाद्दराने त्यावर एकदाही व्हिडिओ काढला नाही. फोटोचं बटण दाबायचं, की टेपवर काही सेकंद चित्र ठप्प उभं. मग पुढचं चित्र. गाव चेष्टा करायचं, ऑर्विल दूध आणायलासुद्धा ट्रॅक्टर काढतो म्हणून. तो म्हणायचा, "हलती माणसं बघायला खिडकी आहे की."

त्या फोटोंत सगळे होते. कुत्रा, मासे, शेजाऱ्याचं कोठार, आर्डिस तर पन्नासदा. फक्त तो स्वतः नव्हता. म्हणूनच त्या सकाळी आर्डिस त्याच्या मागे लागली होती, आज स्वतःचा एक फोटो काढूनच ये म्हणून.

ते बोलणं वर्षभर तिला जाळत होतं.

मिनेसोटात मार्चमध्येही तळी गोठलेलीच असतात. दोघे भाऊ बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेले होते. लाईल गळाचं आमिष आणायला काठावरच्या गाडीकडे गेला. तेवढ्यात ऑर्विलने कॅमेरा स्टँडवर ठेवला, टायमर लावला आणि फोटोत नीट मावावं म्हणून तो मागे मागे सरत गेला. ओढा येऊन मिळतो तिथे बर्फ पातळ, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पाठीला डोळे नसतात. लाईल परतला तेव्हा बर्फावर नुसता कॅमेरा उभा होता. सगळं त्यानेच येऊन सांगितलं. शेरीफने कॅमेऱ्याच्या इवल्याशा, मुक्या पडद्यावर शेवटचा फोटो पाहिला, मान हलवली आणि अपघात म्हणून प्रकरण मिटवलं.

लाईल नसता तर आर्डिसने हाय खाल्ली असती. दारातला बर्फ तो काढायचा, घर गरम ठेवणारी भट्टी तो दुरुस्त करायचा, आणि ती रडायला लागली की समोर बसून राहायचा. "तुझी काय चूक गं? तू थोडंच त्याला ढकललंस?" तुला आधी मीच पाहिलं होतं, हे तो चाळीस वर्षं हसत हसत सांगत आला होता. आता ती त्यावर हसायची.

टेप सुरू झाली. पहिल्याच फोटोत पायरीवर बसलेला कुत्रा. चित्र जागच्या जागी, आणि टीव्हीतून टेपने टिपलेला त्या सेकंदांचा आवाज आला, "बस रे राजा. हां, शहाणा माझा."

आर्डिसचा हात तोंडाशी गेला. "लाईल, हा बोलतोय. आपला ऑर्विल बोलतोय."

लाईल टीव्हीशेजारीच खाली बसला.

मग चुलीशी पाठमोरी आर्डिस आली. ती त्याच सकाळची. तिचाच आवाज खणखणला, "स्वतःचा काढून आण, नाहीतर जेवायला वाढणार नाही." त्यावर ऑर्विल तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "माझा कशाला? मी काय कुठे पळून चाललोय?"

हे तिने त्या दिवशी ऐकलंच नव्हतं. ती एकदम हसली आणि हसता हसता रडायला लागली. छातीवरचा धोंडा जरा हलल्यासारखा वाटला.

"पुरे आता. बंद कर," लाईल म्हणाला.

"एकच राहिलाय."

"म्हणूनच सांगतोय. कशाला जखम उकरतेस? माझं ऐक." तो उठला आणि वायरींकडे वळला.

केवढी काळजी माझी, तिला वाटलं. तरी ती म्हणाली, "हात लावू नकोस. त्याला विचारल्याशिवाय मी शनिवारी लग्नाला उभी राहणार नाही." वर्षभरात तिचा असा आवाज निघाला नव्हता. लाईल वाकलेला तसाच थांबला.

पडद्यावर ऑर्विल आला. पांढऱ्याशुभ्र बर्फावर, कानझाकणी टोपी घालून, हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा. टोपीपासून बुटांपर्यंत सगळा दिसत होता, आणि बुटांखाली चांगला हातभर बर्फ.

वारा घोंघावत होता. त्यातून लांबून ऑर्विल ओरडला, "आलो का रे सगळा?"

आणि अगदी कॅमेऱ्याजवळून लाईलचा आवाज आला, "कुठे? बूट कापले जातायत. अजून मागं हो. बर्फ पक्का आहे, मी बघितलाय."