बहात्तर किलो वाळू

काटा बहात्तर किलोच्या किंचित पुढे गेला. मी पिशवीतून मूठभर वाळू काढली.

"मूठभर वाळूनं काय बिघडतं गं?" शिरोडकरकाकांनी विचारलं. बाबांनी आणि त्यांनी मिळून अकरा वर्षं शेडमध्ये हे विमान बांधलं होतं.

"मोजमाप बिघडतं, काका."

"झालं! बापावर गेलीस."

बाबांच्या चाचण्यांच्या वहीत एकच रकाना भरायचा उरला होता: दोन माणसांसह हजारापासून तीन हजार फुटांपर्यंत चढायला लागणारा वेळ. विमान मी चालवायचं, घड्याळ बाबांनी धरायचं, असं ठरलं होतं. दवाखान्यातल्या शेवटच्या कागदावर त्यांचं वजन अठ्ठेचाळीस होतं. मी वहीतलं जुनं बहात्तर धरलं.

काकांनी शेजारच्या सीटवर पिशव्या रचल्या, पट्टा आवळला आणि सवयीनं विचारलं, "काचत नाही ना?"

आम्ही दोघंही हसलो नाही.

हजार फुटांवर मी गळ्यातलं घड्याळ सुरू केलं. खाली नदी धुक्यात विरत गेली. इंजिनाची घरघर कानांच्या सवयीची होऊन हळूहळू ऐकू येईनाशी झाली. पिशव्यांवर कोवळं ऊन आलं. शेजारी कुणीतरी निवांत बसलं होतं.

तीन हजार फूट झाले. "आता!" मी म्हणाले आणि शेजारून घड्याळाचा खटका वाजायची वाट पाहत राहिले.

घड्याळ माझ्याच गळ्यात चालू होतं.

मी ते शून्यावर आणलं आणि विमान पुन्हा हजार फुटांकडे वळवलं. "परत घेऊ, बाबा," मी म्हणाले.