पाचव्या स्लाइडचं संगीत

कामाचे तास दोनाने वाढणार, हे कामगारांना स्लाइड दाखवून सांगायचं ठरलं. "मागे गोड संगीत लाव, म्हणजे कुणाला झोंबणार नाही," साहेबांनी ऑफिसातल्या पोरीला बजावलं. तिची आई त्याच कारखान्यात बावीस वर्षं यंत्रापुढे उभी होती. गुडघे आधीच राजीनाम्याची भाषा करत होते. पोरीने चार स्लाइडना बासरी लावली. पाचवीवर 'दोन तास जास्त' उमटलं आणि स्पीकरमधून सुट्टीचा भोंगा घुमला. भोंगा वाजला की निघायचं, एवढंच तिथल्या पायांना ठाऊक. तीनशे माणसं डबे उचलून चालू लागली. "अहो, बसा! हे संगीत आहे!" साहेब ओरडले. मग पोरीवर खेकसले, "हे काय लावलंस?" "गोड संगीत," ती म्हणाली. "यांना याहून गोड काही माहीत नाही." दारातून आईने हाक मारली, "चल गं, भोंगा झाला." पोरीनेही डबा उचलला.